नाजूक माल, ही बाजू वर

४ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

आधी शेवट सांगतो, मग हवं तेवढं घाबर. बाबांचा अंगठा जागेवर आहे आणि गुलाबी आहे!

काल माझी सुट्टी, म्हणून मी बाबांच्या बाइंडिंगच्या दुकानात बसलो होतो. कागद कापायच्या मशीनखाली बाबांचा उजवा अंगठा आला आणि तुटून पडला. शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी बाबांचा हात दाबून धरला. त्यांची बायको बर्फ घेऊन धावली, ती अंगठा त्यातच बुडवणार! मी ओरडलो. नाजूक मालाला कशाचाच थेट स्पर्श नको, हा आमच्या काचसामानाच्या गोदामाचा नियम. अंगठा ओल्या स्वच्छ कापडात, कापड पिशवीत, पिशवीचं तोंड घट्ट बंद, मग बर्फ, मग डबा. सवयीनं वर लिहिलंसुद्धा: नाजूक माल, ही बाजू वर.

इस्पितळात डबा उघडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कोणी बांधलं? मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर म्हणाल्या, थेट बर्फात टाकला असता तर कामातून गेला असता. मग नऊ तास सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या शिरा जोडत बसल्या.

आता हस माझ्या पॅकिंगला! लोभ आहेच, तो या बातमीनं दुप्पट कर.

तुझा,
खोक्या

२ जुलै

चि. खोक्यास, अ. उ. आ.

चार महिने तुझं कौतुक करून झालं, आता पुरे. माझ्या लग्नात तू बांधून दिलेला काचेचा सेट सोडवतानाच आम्हा नवराबायकोचं पहिलं भांडण झालं, हे मी विसरलेली नाही.

काल आलेल्या तुझ्या पत्रानं मात्र जीव टांगणीला लागला. अंगठा जगला, वाकतोही, पण टाचणी टोचली तरी बाबांना कळत नाही. कागदाची जात ते अंगठ्यानंच ओळखतात रे. तो असाच बधिर राहिला तर ते दुकान विकतील, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळलं.

म्हणून पार्सल पाठवतेय, तुझ्याच पद्धतीनं, सुतळीच्या अकरा गाठी मारून. बाबांनी आजवर तुझी एकही गाठ सोडवली नाही, सरळ सुरी चालवली. या वेळी सुरी लपव. जीव लाव त्यांना, आणि उरला तर मला.

तुझी,
ताई

१० जुलै

चि. सौ. ताईस, अ. उ. आ.

तुमचा कट उघडकीला आला. सुरी पिठाच्या डब्यात होती.

पण ती सापडेपर्यंत मी तासभर तुम्हा दोघांचा उद्धार करत गाठी सोडवल्या. सात गाठी डाव्या हातानं आणि दातांनी सुटल्या. आठवी अंगठ्यानं रेटली आणि सुतळीचं कुसळ असं घुसलं की मी बोंबच ठोकली. खोक्या न्हाणीघरातून साबणासकट धावत आला. मी ते कुसळ उपटून पुन्हा त्याच जागी टोचून पाहिलं. दुखलं! पोरी, दुखलं गं!

दुकान विकत नाही. आज सकाळीच उघडलं.

पार्सलात काय आहे ते अजून पाहिलेलं नाही. तीन गाठी उरल्यात, त्या रोज एक अशा पुरवून सोडवणार आहे. पुढच्या वेळी जास्त मार. म्हाताऱ्यावर असाच जीव असू दे.

तुझे,
बाबा