रामघाटावरची पहिली चप्पल

सर, तुमचा पेपर बंद झाला. सामाजिक मानसशास्त्राचा इतिहास, एम.ए.चं दुसरं सेमिस्टर. गेल्या महिन्यात विभागाची बैठक झाली, चहा येण्याआधीच विषय निकालात निघाला, आणि येत्या सत्रापासून त्या तासांना संगणकावर संख्याशास्त्र शिकवलं जाईल. तुम्हाला जाऊन आता चौदा वर्षं झाली, तेव्हा कळवायची काही घाई नव्हती. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

तुमचा पहिला तास मला अजून आठवतो, कारण तो वर्गात झालाच नाही. तुम्ही आम्हा अकरा जणांना सकाळी रामघाटावर नेलंत, एका मोकळ्या पायरीवर स्वतःच्या चपला काढून ठेवल्यात आणि आम्हाला थोडं लांब बसवलंत. तिथे पाटी नाही, दोरी नाही, काही नाही. पाच मिनिटांनी एका कुटुंबाने तिथेच चपला काढल्या, मग आणखी कुणी, आणि अर्ध्या तासात हा ढीग! एक आजोबा जोडे घालून पुढे निघाले तर मागच्या बाईंनी त्यांना दटावलं, "बाबा, जूते यहीं उतारो, यहाँ का नियम है।" आम्ही हसून हसून बेजार. तुम्ही मला विचारलंत, "हा नियम कुणी केला?" मी म्हटलं, "गर्दीने." तुम्ही असे चिडलात की मला रडू यायचंच बाकी होतं. "गर्दी काही करत नसते. पहिली चप्पल माझी होती, तू बघितलीस ना? मग सांगायला काय दिक्कत होती?" निघताना त्या ढिगात तुमचीच एक चप्पल सापडेना, आणि तुम्ही तसेच अनवाणी रिक्षात बसलात.

वर्गात मग तुम्ही या शास्त्राची हकीकत सांगायचात, एखाद्या नातेवाइकाची सांगावी तशी. आधी कुणाला तरी प्रश्न पडला, की सायकलवाला एकटा असताना हळू आणि सोबत असली की जोरात का जातो. त्याच सुमाराला युरोपातले विद्वान रस्त्यावरच्या जमावाला घाबरले आणि जमावावर पुस्तकं लिहू लागले. मग महायुद्ध झालं, आणि घरी मुलांचे लाड करणारी साधी माणसं हुकूम आला की काहीही कशी करतात, या प्रश्नाने सगळ्यांना पछाडलं. समोरची रेघ आखूड दिसत असूनही इतरांचं ऐकून तिला लांब म्हणणारी माणसं प्रयोगांत सापडली. तुमच्या मागे त्यातले काही जुने प्रयोग लोकांनी पुन्हा करून पाहिले, तर सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. तुम्हाला याची गंमत वाटली असती. "प्रश्न आकाशातून पडत नाही," तुम्ही म्हणायचात, "कुणाला तरी कशाची तरी भीती वाटलेली असते. ती भीती शिकवा, नाहीतर मुलं नुसती उत्तरं पाठ करतील."

तुमच्या आजारपणात, फ्रीगंजच्या घरी, काकू स्वयंपाकघरात पोह्यांवर शेव घालत होत्या आणि तुम्ही निळी फाइल माझ्यापुढे सरकवलीत. त्यात तुमच्या सगळ्या नोट्स. "चालू ठेवशील ना गं हे?" मी तोंडात घास असतानाच "ठेवीन की" म्हणाले.

परवा काकूंकडे गेले होते. तेच टेबल, तेच पोहे. काकूंनी विचारलं, "ह्यांचा पेपर अजून चाललाय ना गं?" मी म्हटलं, "काकू, सगळ्यांनीच हात वर केले. मी एकटी काय करणार?" त्या म्हणाल्या, "खरंय बाई, एकट्याने काय होतंय," आणि माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

हे पत्र तुमच्या निळ्या फाइलमध्येच ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडू? बैठकीत आम्ही सहा जण होतो. विभागप्रमुख मीच आहे आता. जुनाट विषय धरून बसलेली बाई म्हणून नवी मंडळी मला हसतील, अशी भीती मला बरेच दिवस वाटत होती. पेपर बंद करायचा प्रस्ताव वाचून झाला तेव्हा कुणीच हलेना, सगळे माझ्याकडे बघत राहिले. सर, पहिला हात माझा होता.