हात लावून बघ, गार आहे

३ मार्च, सोमवार

वायर गरम होती! चांगली चटका बसण्याइतकी. आणि बाबा म्हणतात, गार आहे.

दुपारी मी घरी आले. नेहमीसारखी गाडी लावून आईला दवाखान्यात चालत घेऊन गेले. परत येऊन बघते तर गाडी चार्जिंगला! कशावर? तर बाबांनी स्वतः बनवलेल्या त्या पांढऱ्या एक्स्टेंशनवर. टेबललॅम्पची वायर, मध्ये दोन जोड, वर काळी टेप. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून थेट गाडीपर्यंत. उरलेली वायर छान गुंडाळून पलंगाखाली, आणि तिच्यावर जुनी चादर – कुणी अडखळू नये म्हणून! घर पेटवायचं ठरवलं असतं तरी इतकी नेटकी तयारी झाली नसती.

“बाबा, ही गाडी आहे, दिवा नाही! तासन् तास गिझरएवढी वीज ओढते.” बाबांनी शांतपणे प्लगला बोटं लावली. “गार आहे. बघ हात लावून.” वर आणखी – “अख्खी नोकरी कारखान्यात मेंटेनन्सला काढली मी. आता तू मला वायर शिकव.”

मी हात लावला आणि झटकन मागे घेतला. खोटं बोलायलाही काही हद्द असते!

आई मध्ये पडली. “तुला आयती चार्ज केलेली मिळावी म्हणून केलं गं त्यांनी. ओरडू नकोस, त्यांची शुगर वाढते.” म्हणजे वाईट मीच.

४ मार्च

वायरमन आला नाही. “उद्या नक्की, ताई.” याचा उद्या कधी उजाडतो कोण जाणे.

५ मार्च, बुधवार

गाडीच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय – एक्स्टेंशन वापरू नका, स्वतंत्र पॉइंट घ्या. वाचता येतं मला! पण वायरमन उगवत नाही आणि माझे पेशंट शहरभर विखुरलेले. ज्यांना उठून बसता येत नाही त्यांच्या घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे, तर गाडी लागणारच. मग निदान त्यातल्या त्यात धड वायर तरी घेऊ म्हटलं.

पहिल्या दुकानदाराने आठ सॉकेटवाली पट्टी पुढे केली. “मोबाइल लावा, टीव्ही लावा, इस्त्री लावा.”

“गाडी?”

“लावा की!”

“किती अँपिअरची आहे?”

“निळ्या रंगातपण आहे, ताई.”

तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दुकानात शिरताच घडाघडा सांगितलं – अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाहिजे, आत अर्थिंगची तार पाहिजे, सोळा अँपिअरचा मोठा प्लग आणि पुढे एकच सॉकेट. बाहेर चालणारी, मध्ये जोड नसलेली, लागते तेवढीच लांब. तिथल्या बाई म्हणाल्या, “आणि वापरताना सगळी उलगडायची हं. गुंडाळलेली राहिली की तापते.” जगात एक तरी शहाणं माणूस आहे! चांगली अंगठ्याएवढी जाड आहे वायर. बाबांनी ती उचलून बघितली आणि बाजूला ठेवली.

७ मार्च, शुक्रवार

मोठा प्लग बसेल असा सॉकेट फक्त बाहेरच्या खोलीत, वॉशिंग मशीनपाशी. तिथून वायर दारातून बाहेर काढावी लागते. संध्याकाळी आई तिला अडखळली. पडली नाही, पण भिंत धरून उभी राहिली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

“तुझी ही शहाणी वायर हिचं हाड मोडेल एक दिवस,” बाबा म्हणाले. मी म्हटलं, मागच्या दाराने जा थोडे दिवस. “माझ्या घरात मागच्या दाराने?” झालं सुरू!

तशी चिडलेलीच होते. आज एक नवे पेशंट बघितले, आजोबा, बरीच वर्षं शुगर. त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला कापसाचा बोळा लावला. म्हटलं, लागला की सांगा. आजोबा गप्प. पुन्हा लावला, पुन्हा गप्प. सून म्हणते, “चप्पल पायातून निसटते तरी पुढे चालत राहतात. आम्हाला वाटलं, विसरभोळे झालेत.” एका घरात राहून एवढं दिसू नये माणसांना? डोळे काय शोभेला ठेवलेत? तसं बोलले नाही, पण ओठांवर आलं होतं.

घरी आले तर आई बाबांच्या शर्टाची बटणं लावून देत होती. काय हे लाड या वयात!

९ मार्च, रविवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

बाबांनी नवीन वायर कापली! मोठा प्लग छाटून टाकला आणि त्यांच्या डब्यातला जुना, छोटा प्लग जोडला. का? तर तो त्यांच्या पलंगामागच्या छोट्या सॉकेटमध्ये बसतो. वायर खिडकीतून जाईल, दार मोकळं राहील, आई अडखळणार नाही. वाहवा! म्हणजे दंडाएवढ्या पाइपाच्या तोंडाला बोटाएवढी नळी. तापणार कुठे? तिथेच! आणि शेजारी गादी, उशी, पडदा.

जळका वास मला बाहेर अंगणात आला. धावत आत गेले. बाबा पलंगावर बसलेले, बोटं प्लगवर.

“बघत बसलोय ना मी! गार आहे.”

खालचं बटण बंद केलं आणि प्लग ओढला. माझी बोटं भाजली. माझी! मग त्यांची नसतील भाजली? हट्टापायी हात भाजून घ्यायचा, पण हरायचं नाही! “तुम्ही खोटारडे आहात, बाबा,” म्हणाले मी. असंच म्हणाले. आई मागे उभी होती.

दादाला फोन केला. “गोड बोल जरा त्यांच्याशी.” दूर राहून गोड बोलणं फार सोपं असतं रे! तू ये आणि झोप त्या प्लगशेजारी. बोलले त्याला हे सगळं. फोन ठेवल्यावर रडले.

१० मार्च

अबोला. बाबा ताट घेऊन उठून गेले, मी मान वर केली नाही.

११ मार्च, मंगळवार

वायरमन उगवला एकदाचा! गाडीपाशी स्वतंत्र पॉइंट बसवला – वेगळी जाड वायर, वेगळा स्विच, अर्थिंग, सगळं. मग बाबांच्या खोलीतला सॉकेट उघडला. आत काळाठिक्कर, एक बाजू वितळून खाली ओघळलेली.

“ताई, हात लावला असता तरी कळलं असतं की.”

“मी दर वेळी लावायचो,” बाबा म्हणाले. “गारच होता.”

आता कुणाला पटवायचं होतं? वायरमनला? मी तोंड उघडलं, चांगलं सुनवणार होते. तेवढ्यात त्यांनी बोटं पुढे केली, दाखवायला, कुठे लावायचो ते. दोन बोटांवर मोठाले फोड. एक फुटलेला, त्याला शर्टाचा धागा चिकटलेला.

“हे काय, बाबा?”

त्यांनी बोटं उलटीसुलटी करून बघितली. “अरेच्चा. हे कधी झालं?”

१२ मार्च

सकाळी बाबांना खुर्चीत बसवलं. डोळे मिटायला सांगितले. पिशवीतून कापसाचा बोळा काढला. म्हटलं, लागला की सांगा.

बाबा डोळे मिटून बसले, लहान मुलासारखे. बराच वेळ.

“अगं, लाव की आता,” म्हणाले.

केव्हाचा लावला होता.