आई घाबरलीय, सरळ या

बाबा,

आईला घेऊन हॉस्पिटलला निघालेय. तुमचा फोन लागत नाहीये, म्हणून ही चिठ्ठी. हॉस्पिटलचा पत्ता मागे लिहिलाय.

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती तिची. होळीपासून पुन्हा रक्त जायला लागलं आणि पाच महिने तिने कुणाला कळू दिलं नाही. गेल्या आठवड्यात एकटीच मेट्रोने जाऊन तपासून आली. आज बाथरूममध्ये चक्कर येऊन खाली बसली. गोळ्या शोधताना तिच्या पर्समध्ये मला रिपोर्ट सापडला. गर्भाशयाचा कॅन्सर आहे, बाबा. रिपोर्टवरच्या डॉक्टरांना फोन केला, ते लगेच घेऊन या म्हणाले.

"सांगितलं का नाहीस?" विचारलं तर म्हणाली, "तुझी मेन्सची परीक्षा तोंडावर आलीय. आणि बाबांना असलं काय सांगायचं?"

मे महिन्यात ती थकवा येतो म्हणाली होती. "वय झालं तुझं," म्हणून आपण दोघं हसलो होतो. म्हणून आता तिला रागावू नका.

"भाजी गॅसवर आहे, बाबांना जेवून यायला सांग," असं ती दारातून सांगतेय. तुम्ही जेवायला थांबू नका, सरळ या. ती फार घाबरलीय. मला दाखवत नाहीये, तुमच्यापुढे तरी रडेल.

स्वरूपा