एकशे सदतीस चिठ्ठ्या

डिसेंबर १९७९, बुधवार

प्रिय इंदर,

जय भीम.

खंडव्याहून तू धाडलेली तिन्ही पत्रं भेटली. तिन्हीत तू एकच विचारलं, बाई, रागावली का? रागावली नाई रे बावा. लिहाची हिंमतच होत नव्हती. आज कापूस वेचून लवकर घरी आली, हात धुतले अन् बसली. तुले आपल्या बहिणीचं शुद्ध लिहिणं आवडते, हे मले माहीत आहे. पण आज खरं बोलाचं आहे, अन् खरं माह्या तोंडून आपल्याच बोलीत निंगते. चालवून घे.

आधी घरचं आयक. चंदाबाईची म्हैस व्याली. विहाराची पडलेली भिंत आमी बायाइनं मिळून उभी केली, वाकडी आहे पण उभी आहे. भिवाजी बाबाच्या डोळ्याचं आपरेशन अकोल्याले झालं. आता ते सगळ्याइले वळखतात, अन् दिसते म्हणून सगळ्याइच्या चुकाही काढतात. परवा भोंगा लावलेली जीप वस्तीत आली. दिल्लीचं मतदान लागलं आहे. बाबानं जीपवाल्याले हात जोडून सांगतलं, पुढं जा, आमी मत सोडलं. सोडलं! जशी कोणी बिडी सोडते! मले हसू आलं अन् लगेच डोये भरून आले.

काहून का मले आपली माय आठवली. मत देल्लं का तिचं ते शाईचं बोट तीन दिवस वर राहे. भाकरी थापताना वर, भांडे घासताना वर. कोणी हसलं तं म्हणे, बाबासायबानं देल्लेलं आहे, राखेनं घासून काढू का? गोजराबाईचं बोट म्हणून अख्खी वस्ती चिडवे तिले. तिले जाऊन तीन वर्सं झाली.

अन् मंग तू आठवला. मागच्या खेपेले, अठ्ठ्याहत्तरच्या फेब्रुवारीत, तू रजा टाकून आठ दिवस आला होता. विहारात बसून एकेकाले समजावलं का पाटलाच्या माणसाले मत द्याचं नाई, आपल्या पक्षाले द्याचं. लोकाइनं तुहं आयकलं. सारी वस्ती एका बाजूनं गेली अन् आपला माणूस आला. पाटलानं त्या उन्हाळ्यात आपल्याइले वावरात पाय ठेवू देल्ला नाई. आमी दोन कोस चालून जऊळक्याच्या शिवारात कामाले जात होतो, पण ताठ मानेनं जात होतो. महिना नाई झाला तं गुरुजीच्या रेडिओवर बातमी आली, दोन्ही पक्षाइनं मिळून सरकार केलं. आठवड्यानं आपला निवडून आलेला माणूस पाटलाच्या ओसरीत चहा पीत बसलेला दिसला. आमी बाया डोक्यावर भारे घेऊन समोरून जात होतो. त्यानं आमाले नमस्कार केला, हे मले जास्त झोंबलं.

मंग तुहं ते पत्र आलं. आता कोणालेच मत नाई, आपलं मत घेऊन ते परस्पर सोयरीक करतात, आपण वऱ्हाडीही नाई. हे पत्र मीच विहारात वाचून दाखोलं. सगळ्याइनं बुद्धासमोर शपथ घेतली. तुले वाटत असंल का सारा दोष तुह्या पत्राचा, म्हणून दोन वर्सं झाली तू गावाले तोंड दाखोलं नाई. आता आयक, पुढचं माह्या डोक्यातून निंगालं होतं.

औंदा उन्हाळ्यात जिल्हा परिषदेचं मतदान आलं. नाव अन् नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या घरोघरी वाटल्या गेल्या. मी म्हणलं, निस्तं घरी बसून कोणाले समजते? चिठ्ठ्या तोंडावर फेकू त्याइच्या. घरोघरी फिरून मी त्या गोळा केल्या. एकशे सदतीस. तुह्या नावाची आपल्याच घरी आली होती, मायच्या नावाचीही आली होती, यादीतून कोणी काढलंच नव्हतं तिले. मायच्याच जुन्या लुगड्याच्या फडक्यात साऱ्या बांधल्या. सकाळी घोषणा देत गेलो अन् चावडीच्या ओट्यावर गाठोडं ठेवून आलो. वापस येताना मी अशी चालत होती जसा काई किल्ला जिंकला.

पाटलाचा माणूस खंडीभर मताइनं आला. गुरुजी म्हणाले, आपल्या शाळेतल्या पेटीत कधी नाई इतकी मतं पडली. झालं! वस्तीत कुजबूज सुरू झाली का आपल्यातल्याच कोणी शपथ मोडली, घरं फोडली. अन् नाव आलं रामधनचं. तो पाटलाच्या बैलगाडीवर असते, त्या दिवशी शाळेजवळ दिसला होता, बस. कोणी त्याच्या घरचं पाणी घेईना. त्याच्या पोरीच्या लग्नात वस्तीतून एक माणूस जेवाले गेला नाई. त्याची बायको लिलाबाई भरल्या पातेल्यापाशी बसून होती. मीही नाई गेली, इंदर. दार लावून घरात बसली.

आमदार मंग विहिरीच्या कामासाठी गावात आला तवा भिवाजी बाबानं त्याले आडवलं. काहून बसला त्याइच्या मांडीवर, म्हणून विचारलं. तो हसून म्हणला, बाबा, तुमी तं आता मतच देत नाई, मंग जाब कायचा मागता? विहीर पाटलाच्या आळीत गेली. बाबा काठी टेकत घरी आले.

आता ते, जे लिहाले सहा महिने लागले. रामधननं काई केलं नाई. शपथ मी मोडली. त्या दिवशी दुपारपासून मले मायचं बोट दिसत होतं. चार वाजता डोक्यावर पदर घेऊन मी मागच्या वाटेनं शाळेत गेली. साहेबाले नाव सांगतलं, भागिरथा, घर एकवीस. त्यानं यादीवर बोट फिरवलं अन् म्हणला, बाई, तुमचं मत झालं. मी कोरं बोट त्याच्यापुढं धरलं. त्यानं बोटाकडं पाह्यलंच नाई. मी यादी पाह्यली. माह्या नावावर रेघ. खाली मायच्या नावावर रेघ. त्याच्या खाली तुह्या. आमी आमच्याच हातानं गाठोडं बांधून देल्लं अन् त्याइनं सोडून वापरलं. मेलेली माय अन् खंडव्यातला तू, दोघाइनंही पाटलाले मत देल्लं! दुसरी मतपत्रिका मागाचा हक्क असते, हे गुरुजीनं मले मागून सांगतलं. तवा मी फक्त पळाली. अन् हे कोणाले सांगाचं कसं, तू तठी कायले गेली होती म्हणून विचारलं तं? माह्या चूप बसण्यापायी रामधनचं घर वाळीत पडलं. लाज वाटते रे मले, लय लाज वाटते.

पण लाजून झालं. येत्या रविवारी विहारात रामधन अन् लिलाबाईले पुढं बसवून मी सारं सांगणार आहे. लोक काई म्हणोत, थुंकोत. हे पत्र त्यासाठीच आहे, का तुले ते आधी माह्याकडून समजावं. अन् दुसरं, शपथ तुह्या पत्रानं घेतली, ती सोडवाले तू ये. कोण्या पक्षासाठी नाई. निवडून गेल्यावर ते कोणासंगही सरकार करोत, पण मंग त्याइले ओसरीत गाठून जाब विचाराले आपल्यापाशी मत देल्लेलं तोंड पाह्यजे. गुरुजीनं एका अपक्षाचा एजंट म्हणून मले शाळेत आत बसाची चिठ्ठी करून देल्ली आहे. मायचं नाव आलं तं मी उठून सांगीन का ते बोट मी माह्या हातानं चितेवर ठेवलं. तुहं नाव आलं तं काय सांगू, हे तू ठरव. मतदानाच्या आदल्या दिवशी जऊळक्याच्या ठेसनावर मी अन् रामधन बैलगाडी घेऊन उभे राहू, रविवारचं आयकूनही तो माह्यासंग बोलला तं. नाई बोलला तं मी एकटी पायी येईन. तू नाई उतरला तरी तुह्या नावावर या खेपेले कोणाची रेघ पडू देणार नाई मी. पण उतर रे.

तुझीच,
भागिरथा बाई