तिसऱ्या अंकातलं बिनधवल्याचं लग्न

चि. कमलेश यास,

(चित्रकार, लेखक आणि स्वतःच प्रकाशक असलेल्या माणसाला नुसतं चिरंजीव म्हणणं कमीपणाचं होईल, पण मावशीच्या नवऱ्याला एवढी सूट असावी.) बाळकुमहून परशुरामकाकांचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत ठीक असेल. डोळे मात्र तपासून घे, का ते पुढे येईलच. आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनच करणार होतो, पण माझा फोन तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कापतोस, आणि पत्र काही कापता येत नाही.

‘मीठराज्य’ या तुझ्या चार अंकी चित्रकथेचा तिसरा अंक पोचला. कागद उत्तम आहे. कागदाबद्दल बोलून झालं, आता आतलं बघू. दुसऱ्या अंकाच्या शेवटच्या चित्रात चिखलासुराचा हात उघाडीवर होता (बांधातून खाडीचं पाणी आत घ्यायचं ते दार, तुला कल्याणला जाऊन विसर पडला असेल म्हणून सांगतो). तो दार उघडणार, मिठागरं बुडणार आणि तुझा नायक लवणकुमार वाहून जाणार, या काळजीत आम्ही अख्खा उन्हाळा काढला. तिसरा अंक उघडतो तर लग्न. असुर कुठे गेला, पाणी कुठे गेलं? एका चौकोनाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंयस, ‘संकट टळले.’ आमचा बांध फुटला होता तेव्हा वडील आणि चुलते मांडीएवढ्या चिखलात उभे राहून माती लोटत होते. त्यांना हे दोन शब्द माहीत असते तर घरी जाऊन झोपले असते.

बरं, लग्न तरी धड? नवरीचा घागरा एका पानावर सुरू होतो आणि पुढच्या दोन पानांवर संपत नाही. भटजी जमिनीपासून वर तरंगतात आणि त्यांच्या डोळ्यांतून उजेड पडतो (वीज गेली असावी). मांडवातल्या सगळ्या पाहुण्यांना एकच चेहरा आहे, आणि तो आमच्या शेजारच्या धाकूसारखा दिसतो. नवरदेवाच्या घोड्याचे पाय मी मोजले नाहीत. धाकूने मोजले आणि परत पहिल्यापासून मोजले. एवढ्या गर्दीत एकच बाई नाही, ती म्हणजे धवलाई. पहिल्या अंकात जिने गाऊन भरती थोपवली, दुसऱ्यात जिच्या गाण्याने असुराचे पाय चिखलात रुतले, तिला लग्नाच्या अंकात तू बोलावलंच नाहीस. आपल्यात धवलारीण मांडवात बसून धवले गात नाही तोवर हळद लागत नाही आणि लग्नही लागत नाही, हे तुला मी सांगायचं? आमच्या हिशेबाने तुझा लवणकुमार अजून बिनलग्नाचा आहे.

आता ती धवलाई कोण, हे बाळकुमात शेंबडं पोरही सांगेल. नाकातली नथ, कपाळावरचं गोंदण, कमरेवर हात ठेवून उभं राहायची तऱ्हा. आपली धवलारीण, तुझी सखुमावशी, जशीच्या तशी. पहिले दोन अंक ती प्रत्येक हळदीला पिशवीतून घेऊन जाते, दोन्हींना हळदीचे डाग पडलेत. (मला चहा देताना ‘धवलाईच्या हातचा आहे’ असं ऐकवते. मी दुधाचा चहा मागितला की भरती थोपवल्यासारखा हात करते.) तिसऱ्या अंकात मी पानभर असणार, असं तिने सगळीकडे सांगून ठेवलं होतं. धाकूच्या मुलीच्या, सान्वीच्या हळदीला तो मांडवातच उघडला. बायका भोवती जमल्या, एकेक पान उलटलं, शेवटपर्यंत गेल्या आणि परत पहिल्या पानावर आल्या. शेवटी रमाबाईंना दया आली. मागच्या रांगेतल्या एका आकृतीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “ही काय गो सखू, पाठमोरी.” नीट बघितलं तर तो कूलर होता.

तुझ्या मावशीने अंक मिटून पिशवीत टाकला. सान्वीचे धवले तिने पुरे गायले, कारण त्यात त्या पोरीचा काय दोष. घरी येऊन म्हणाली, घसा बसलाय, आणि त्यानंतर गाणं नाही. भांडी घासताना नाही, देवापुढे नाही. जिथे आमचं मिठागर होतं तिथल्याच टॉवरमध्ये आम्ही राहतो. तिचा आवाज खालच्या वॉचमनपर्यंत जायचा आणि मी वर्षानुवर्षं तो कमी व्हावा म्हणून देवाला सांगत आलो. आता झालाय, तर मला घरात करमत नाही. मला वाईट वाटतं, कमलेश. हे मी थट्टेत लिहीत नाही.

तेव्हा चौथ्या अंकात काय करायचं ते तू सुज्ञ आहेस. नसलास तर मी बाळकुमातच आहे.

तिचं गाणं थांबल्यापासून रोज दुधीची भाजी खाणारा,
तुझा परशुरामकाका

ता. क. खरं कामाचं राहिलंच. तुझ्या लग्नाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली. डोंबिवलीचा हॉल, डीजे, भटजींचं पॅकेज, सगळं वाचलं. धवल्याचं नाव नाही. अंकातलं लग्न बघून तिने तुझ्या लग्नाचा अंदाज केलाय, आणि तो चुकीचा असावा अशी माझी इच्छा आहे. तिला फोनवर सांगू नकोस. विडा-नारळ घेऊन दारात ये, धवलारणीला बोलवायची तीच रीत आहे.

ता. क. २. चिखलासुराला परत आण. त्याच्या मिशा माझ्या आहेत, हे मी टेंभी नाक्यापर्यंत सांगून बसलोय.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आत तिने पत्र वाचलं. कूलरचं खोडायला सांगितलं, मी खोडलं नाही. मग म्हणाली, “त्याला लिव, मना कागदाव नको कारू. मांडवान बसव.” (कागदावर काढू नको, म्हणते.) आणि आत गेली. तू आणखी नवरीची साडी कुठल्या रंगाची आहे तेवढं कळव. धवल्यात सांगावं लागतं म्हणे.