एक बसलेली, एक उभी

मामा,

गठ्ठ्याची दोरी कापली तर आत नुसती वर्तमानपत्रं. रद्दीवाल्याकडचा हा तिसरा गठ्ठा. 'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही, तेव्हा तेवढं सोडा.

“अगं, एकच चित्र कितीदा काढलं होतंस! दोन चांगली ठेवली, बाकीची दिली रद्दीत,” माझी खोली आवरून झाल्यावर तुम्ही हसत सांगितलंत. एक बसलेली, एक उभी. वर दोन्हींना फ्रेम करून आणलीत, म्हणजे मी आभारही मानायचे.

ते एकच चित्र नव्हतं. दोनशे चाळीस कागद होते, प्रत्येकावर आई केसभर पुढे सरकलेली. ओळीने दाखवले की ती वीस सेकंदांत खुर्चीतून उठते. एवढीच माझी फिल्म, आणि ती उद्या कॉलेजात जमा करायची आहे.

तुम्हाला फरक दिसला नाही, यात नवल नाही. सख्खी बहीण तुमची, पण शेवटच्या दोन वर्षांत दोनदाच आलात. एकदा ती बसलेली होती, एकदा दारात उभी. मधलं मी पाहिलंय. खुर्चीच्या हातावर तळवा टेकायचा, श्वास धरायचा, गुडघ्याला एक शिवी हासडायची. ती गेली तेव्हा मात्र सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच रडलात.

हे पत्र पाठवणार नाही. तुम्ही तेही आवरून टाकाल.

नाइलाजाने तुमची,
भाची

सकाळी कॉलेजात बाईंनी आठवडा वाढवून दिला. घरी येऊन दुपारपर्यंत नऊ कागद नव्याने काढले. आई अजून खुर्चीतच आहे.