प्रीतीचा दुसरा शब्द

कोल्हापूर,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय प्रियदर्शनी,

प्रभूच्या नावात तुला तुझ्या दादाचा सलाम.

तुझ्या नावात एक वेलांटी कमी आहे, हे मी तुला तू सातवीत असल्यापासून ऐकवत आलोय. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आण्णांनी ती गाळली आणि माझ्यासारख्या संस्कृतच्या मास्तराला जन्माचं काम देऊन गेले. पण या वेळी पाकिटावर मी आण्णांसारखंच लिहिलंय. साडेतीन वर्षांनी पत्र टाकणाऱ्या माणसानं निदान पत्त्यात तरी वाद घालू नये.

इकडे सगळं यथास्थित. थंडी पडली आहे. गुऱ्हाळं सुरू झाल्यापासून संध्याकाळी गावाबाहेर गेलं की हवेलाच गुळाचा वास येतो. शाळेत नववीला संस्कृत घेणारी एकोणीस मुलं आहेत. त्यातली सतरा मार्कांसाठी, आणि उरलेली दोन, दुसऱ्या विषयाचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर भरतो म्हणून. मला आमटी करता येऊ लागली आहे. तुझ्या राधानगरीच्या दवाखान्यात आता पेशंट कमी असतील, निदान असावेत. क्वार्टरच्या खिडकीला काच बसवून घेतलीस का?

तुझी वहिनी बरी आहे.

हे वाक्य लिहून मी चहा करायला उठलो. परत येऊन वाचलं. खोडावं असं वाटलं, पण तू नर्स आहेस. खाडाखोड दिसली की तुला आजार आधी कळतो. म्हणून सरळच सांगतो. जुलैच्या शेवटी, पंचगंगेला पाणी चढलेलं असताना, एका सकाळी प्रीती पोळी लाटता लाटता खाली बसली. मेंदूत गुठळी. अकरा दिवस दवाखान्यात होती. उजवा हात गेला होता, तो आता खांद्यापर्यंत येतो. वाचा गेली, ती मात्र आली नाही. एक शब्द तेवढा उरला: ‘व्हय’.

तुला आठवतं ना, शाहूवाडीहून ती आपल्या घरी आली तेव्हा ‘हाय’ आणि ‘न्हाय’ म्हणायची. नवरा संस्कृतचा म्हणून सहा महिन्यांत तिनं ते सगळं टाकलं आणि तीस वर्षं माझ्यापेक्षा शुद्ध बोलली. आता वरचं सगळं पुसलं गेलं आणि खालून जे निघालं, त्यात माझं काहीच नव्हतं. चहा हवा? व्हय. नको? व्हय. दुखतंय? व्हय. खिडकी लावू? व्हय. उघडू? व्हय. तीस वर्षांच्या संसारात माझं इतकं एकमतानं कधी ऐकलं गेलं नव्हतं. विनोद करतोय, कारण हा पाचवा महिना आहे.

तुला कळवलं नाही. का नाही, त्याच्याभोवती मी अजून घिरट्या घालतोय. घालू दे थोडं.

आपल्या मंडळीत आजाऱ्याच्या घरी भेटीची पाळी लावतात, ते तू विसरली नसशील. दर रविवारी उपासना झाल्यावर पंचांपैकी एक जण येतो, वचन वाचतो, प्रार्थना करतो, आणि केळी ठेवून जातो. पाच महिन्यांत आमच्याकडे आलेल्या केळ्यांवर एक स्वतंत्र ग्रंथ होईल. परवाच्या रविवारी पाळी होती हंबीरराव कंडक्टरांची. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण आवाज अजून एसटीतलाच. दुपारी चार वाजता आले, केळी ठेवली, आणि पिशवीतून एक कागद काढला. लॅमिनेट केलेला.

“वळखलासा का मास्तर?”

ओळखला. माझाच लेख होता. मंडळीच्या मासिक पत्रकात छापून आलेला: ‘विश्वासणाऱ्यांस दुःख का? पाच कारणे’. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या चिमणाबाई वारल्या, तेव्हा मीच त्यांच्या हातात ठेवला होता.

तो लेख तुलाही माहीत आहे, प्रियदर्शनी. माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हंबीरराव खाटेशेजारी उभे राहिले आणि पुढचा थांबा पुकारावा तसे वाचू लागले. “पयलं कारन! दुःखानं विश्वास ताऊन सुलाखून निघतो. पटतंय न्हवं वैनी?”

“व्हय.”

“दुसरं कारन! दुःखानं गर्व मोडतो. पटतंय?”

“व्हय.”

तिसरं, दुःखातून गेलेलाच दुसऱ्याचं सांत्वन करू शकतो. चौथं, दुःखानं जगाची ओढ कमी होते. पाचवं, देवाचा बेत आपल्या नजरेच्या पलीकडचा आहे. प्रत्येकाला व्हय. मी खिडकीपाशी उभा राहून स्वतःची भाषा ऐकत होतो. काय पल्लेदार वाक्यं, काय ती ठेवण! एका वाक्यात मी ‘तस्मात्’ घातला होता, तो हंबीररावांनी जिभेवर चढेना म्हणून गाळला, आणि वाक्य सुधारलं.

मग शेवटचा परिच्छेद आला. तो त्यांनी हळू वाचला.

“एका भगिनीने आम्हांस लिहिले आहे की, ‘मी देवाला हाक मारते, ती भिंतीवर आपटून परत येते.’ या भगिनीस नम्रपणे विचारावेसे वाटते, की तिने खरोखर विश्वासाने हाक मारली होती काय?” हंबीररावांनी मान वर केली. “बराबर हाय न्हवं, वैनी?”

“न्हाय.”

खोलीत कुणी चौथंच बोललं असं मला वाटलं.

“मास्तर, वैनी काय म्हनल्या?”

प्रीतीनं डाव्या हातानं तो कागद त्यांच्या हातातून ओढला, पालथा करून मांडीवर ठेवला, आणि त्यावर तळवा आपटून पुन्हा म्हणाली, “न्हाय.” पाच महिन्यांतला तिचा दुसरा शब्द. अगदी स्वच्छ, शाहूवाडीचा.

हंबीरराव त्या पालथ्या कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “खरं सांगू मास्तर? मला बी कदी पटलं न्हवतं. पर तुमी लिवलेलं, म्हनून जपून ठेवलं. रोज वाचायचो. चिमनाबाईची आठवन आली की वाचायचो, आनि वाचून झालं की जास्तच एकटं वाटायचं. म्हटलं, आपलंच डोस्कं कमी.”

प्रीतीनं खाटेच्या कडेवर थोपटलं. बस, म्हणून. तो सहा फुटी माणूस बसला. तिनं आपला तो बरा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि ते रडू लागले. आवाज न करता. कंडक्टरला ते जमत असेल असं मला वाटलं नव्हतं. मी खाली, जमिनीवर बसलो. खुर्ची होती, पण खुर्चीवर बसवेना.

अर्धा तास आम्ही तिघं तसेच बसून होतो. शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. ऊन भिंतीवरून कॅलेंडरवर आलं आणि तिथून खाली उतरलं. आता जे लिहितोय ते जपून लिहितोय, कारण मोठे शब्द वापरून वापरून माझ्याकडे त्यांची किंमत राहिलेली नाही. देव सर्वत्र उपस्थित आहे, असं मी व्यासपीठावरून शेकडो वेळा म्हटलंय, वर्गात हजेरी घ्यावी तसं. त्या दुपारी, त्या खोलीत, पहिल्यांदा कुणीतरी ‘हजर’ म्हणालं. कानांनी काही ऐकलं नाही. पण खोली भरली होती. श्वाससुद्धा हळू घ्यावा असं वाटत होतं. चपला आधीच दाराबाहेर होत्या, नाहीतर मी उठून काढल्या असत्या. मी घाबरलो होतो, प्रियदर्शनी, आणि ती भीती संपू नये असंही वाटत होतं.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, छान, असं होतं. मनाला जोराचा धक्का बसला की अडकलेला एखादा शब्द सुटून येतो. कारण कळलं. नवल होतं तेवढंच राहिलं.

आता घिरट्या पुरे.

उदयसिंह दाजी गेले तेव्हा तू मला पत्र लिहिलंस. आठ ओळींचं. शिरोलीच्या फाउंड्रीत बावीस वर्षं काम करून धुळीनं छाती भरलेला तुझा नवरा, मंडळीत कधी कुणाशी वरच्या आवाजात न बोललेला माणूस, श्वासासाठी महिनाभर झगडून गेला होता. आणि त्या आठ ओळींत ते हाकेचं आणि भिंतीचं वाक्य होतं. मी काय केलं? सात पानी उत्तर लिहिलं. पूर्वपक्ष मांडला, खंडन केलं, सिद्धांत काढला. पूर्वपक्ष म्हणजे तू. तेवढ्यावर थांबलो नाही. पत्र इतकं सुरेख उतरलं होतं की कुणी वाचणार नाही याचं मला वाईट वाटलं. तुला न विचारता मी ते पत्रकाला दिलं. ‘एक भगिनी’ लिहिलं की झालं, असं समजलो. दोनशे घरांच्या मंडळीत त्या महिन्यात विधवा झालेली बहीण एकच होती. पुढच्या रविवारी तू बाकावर बसलीस आणि दोन बायकांनी तुला सांगितलं की बाई, विश्वासानं हाक मार. तू मला फक्त एवढंच म्हणालीस: “दादा, तुझी पाचही कारणं खरी असतील. मला त्यातलं एकही नको.” महिन्याभरात तू बदली घेतलीस. मी लोकांना सांगत आलो की तुला राधानगरीची हवा मानवते.

प्रीतीनं तेव्हाच मला सांगितलं होतं, तिला शब्दांचा तुटवडा नव्हता तेव्हा, की हे चुकलं. मी तिला व्याकरणाच्या चुका दाखव म्हणालो होतो. साडेतीन वर्षं तिनं तो विषय काढला नाही. सगळं गेल्यावर जे पहिलं परत आलं, ते तुझ्या बाजूचं होतं.

ती कारणं खोटी नाहीत, हे मी अजूनही म्हणतो. मेल्यावरसुद्धा म्हणेन बहुधा. पण या चार दिवसांत मला एकच चित्र दिसतंय. वधस्तंभावरून आपल्या प्रभूनं मोठ्यानं विचारलं होतं, का सोडलंस मला? त्या दुपारी वरून त्याला एकही कारण कळवलं गेलं नाही. त्याचीही हाक परत आली. आदल्या रात्री मित्रांकडे त्यानं मागितलं होतं ते एवढंच, की माझ्यासोबत जागे राहा. ज्याच्याकडे आपण जाब मागतो, तो आपल्याच शेजारी खिळलेला आहे. देवानं दुःखाचा खुलासा पाठवला नाही, तो स्वतः त्यात आला. हे मी पस्तीस वर्षं शिकवत होतो आणि मला ते ठाऊक नव्हतं. तू ते वाक्य लिहिलंस तेव्हा अविश्वासानं बोलत नव्हतीस. तू त्याच्या सर्वांत जवळ उभी होतीस. मी तुमचं दोघांचंही खंडन केलं.

मला क्षमा कर. यापुढे ‘कारण’ जोडत नाही.

पत्रक काढणाऱ्या बाळासोंना तो लेख नाताळच्या अंकात पुन्हा छापायचा होता, माझ्या फोटोसह. मी नको म्हणालो. का, ते विचारत होते. तुला विचारल्याशिवाय तुझ्याबद्दल एक ओळही कुणाला सांगणार नाही, म्हणून गप्प राहिलो. बाळासोंना वाटतंय की मला फोटो आवडला नाही.

आणि एक मागायचंय. काल प्रीतीला विचारलं, “प्रियदर्शनीला बोलावू?” ती म्हणाली, “व्हय.” पण व्हयचा भरवसा काय? दुसरा शब्द मात्र ती आता नेमका वापरते, मुख्यतः माझ्या आमटीसाठी. म्हणून उलटं विचारलं: “मग राहू दे? नको बोलवायला?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी नववीतला, गृहपाठ न केलेला. “न्हाय,” म्हणाली. “न्हाय, न्हाय.”

ये. चर्चला चल असं कुणी म्हणणार नाही. कुणी काही समजावणार नाही. तिच्याजवळ बस, मी खाली बसेन. आणि यावंसं वाटलं नाही, तर येऊ नकोस. त्याचाही अर्थ मी लावणार नाही.

तुझ्या आठ ओळी आत्ता कुठे वाचलेला,
तुझा दादा